क्यूफील्ड: फोनवरची मोजणी, भाड्याची डंपी लेव्हल आणि पुरातले वीरगळ

मोबाइलवर मोजणी करायची, असं पुतणी पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी हसलो होतो. बत्तीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून काढली. सुरुवात शंकू-साखळीनं झाली, ऐन उमेदीची वर्षं फलकयंत्र खांद्यावर घेऊन बांधाबांधानं फिरण्यात गेली, निवृत्तीच्या आधी ईटीएस हे इलेक्ट्रॉनिक मोजणीचं मशीनही हाताळलं. फूटभर बांधासाठी सख्ख्या भावांनी एकमेकांवर कुऱ्हाड उगारलेली पाहिली आहे. अशा माणसाला फोनवर चार-पाच मीटरच्या अंदाजानं ठिपका टाकायला सांगायचं म्हणजे सोनाराला भाजीच्या काट्यावर मंगळसूत्र तोलायला लावण्यासारखं आहे.

तरी आज दोन पावसाळे झाले, क्यूफील्ड हे जागेवर नकाशात नोंदी करायचं ॲप माझ्या फोनवर आहे आणि आठवड्यातून दोनदा तरी उघडलं जातं. आसपासच्या सात गावांतले वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड), सतीशिळा, निषिधी (जैनांचे स्मारकदगड), शिलालेख, घाट, पार, शिवाय मठांतल्या आणि बस्त्यांतल्या (जैन मंदिरांतल्या) पोथ्या-पालख्या धरून १४३ नोंदी झाल्या. एवढं वापरल्यावर बरंवाईट सांगायला हरकत नाही.

मी शिरोळ तालुक्यातला. कृष्णा-पंचगंगेचा संगम आणि नृसिंहवाडी आमच्यापासून सायकलच्या अंतरावर. जुलै-ऑगस्टात नदी पात्राबाहेर येणार हे इथं पंचांगात धरलेलंच असतं. पण २०१९ चा ऑगस्ट पंचांगाबाहेरचा होता. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. आमच्या खालच्या गल्लीत नुसती कौलं दिसत होती. दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पुन्हा तेच, जरा कमी मापानं. (अलमट्टी धरणाचा विषय इथं काढत नाही. तो चहाच्या टपरीवर रोज असतो.)

२०१९ चं पाणी ओसरलं तेव्हा गावभर गुडघाभर गाळ होता. सगळ्यांनाच घाई. जेसीबी आले, राडारोडा भरला आणि गावाबाहेरच्या खड्ड्यात रिकामा केला. त्यात आमच्या पाराजवळचा एक वीरगळ गेला. तीन पट्ट्यांचा होता: खाली झुंज, मध्ये वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगापुढं हात जोडून बसलेला तोच वीर, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. गेला हे कळलंसुद्धा दोन महिन्यांनी, एका म्हातारबांनी "हितला द्येव कुटं गेला?" असं विचारलं तेव्हा. लोक त्याला देवच समजून शेंदूर लावायचे. मी अर्ज घेऊन एका कार्यालयात गेलो, तर पहिला प्रश्न आला, "नोंद कुठं आहे?" फोटो नाही. माप नाही. गावठाणातला दगड, म्हणून गट नंबरही नाही. जन्मभर लोकांच्या हद्दी कायम करून दिल्या आणि घरापासून चाळीस पावलांवरचा आठशे वर्षांचा दगड कुठं उभा होता हे कागदावर दाखवता आलं नाही. आठशे हासुद्धा माझा अंदाज. घडण पाहून.

त्याच पुरात सांगलीच्या नगर वाचनालयातली हजारो पुस्तकं भिजली. २०२१ मध्ये चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरलं, ती संस्था १८६४ सालची. तिथं निदान काय गेलं ते रजिस्टर पाहून सांगता येत होतं. आमच्याकडे रजिस्टरच नव्हतं.

आता वस्तूकडे येतो. क्यूजीआयएस हे संगणकावर नकाशे करायचं सॉफ्टवेअर. २००२ पासून चालू आहे, मुक्त स्रोत आहे, पैसा लागत नाही. क्यूफील्ड हा त्याचा शिवारात न्यायचा धाकटा भाऊ. स्वित्झर्लंडच्या ओपनजीआयएस कंपनीनं केलेला, तोही मुक्त स्रोत. घरी संगणकावर नकाशा आणि फॉर्म तयार करायचा, फोनवर उतरवायचा, जागेवर जाऊन भरायचा आणि परत आणून जोडायचा. आमच्या भाषेत, टिपण शेतात आणि नकाशा कचेरीत. पद्धत तीच, म्हणून मला ते लवकर समजलं असावं.

याआधी एका कंपनीचं पैसे भरून घ्यायचं ॲप आणलं होतं, नाव घेत नाही. वर्गणी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्हीच भरलेल्या नोंदी आम्हालाच दिसेनात. भूमी अभिलेखच्या दप्तरात शंभर वर्षांपूर्वीचं टिपण आजही निघतं, आणि इथं एकतीस तारखेला कुलूप. क्यूफील्डमध्ये सगळी माहिती जिओपॅकेज नावाच्या एकाच फाइलमध्ये आपल्या फोनवर बसते. पेनड्राइव्हवर घेतली, तीन घरी ठेवली, विषय संपला. नेटवर्कही लागत नाही. पुराच्या दिवसांत आमच्याकडे आधी वीज जाते, मग टॉवर, मग रस्ता. त्यामुळे "इंटरनेट जोडा" असं म्हणणारं काहीही आमच्या उपयोगाचं नसतं.

पुतणी पुण्यात नकाशांचंच काम करते. दिवाळीला आली तेव्हा दोन दुपारी बसून तिनं फॉर्म बांधून दिला. वस्तूचा प्रकार यादीतून निवडायचा, म्हणजे एकानं "वीरगळ" आणि दुसऱ्यानं "विरगळ" लिहिण्याचा प्रश्न मिटला. मग उंची-रुंदी, दगड की लाकूड की कागद, चार बाजूंचे फोटो, मालकी कुणाची, पुराची खूण कुठं आहे. फोटो त्या त्या ठिपक्यालाच जोडला जातो, हे मला फार आवडलं. पूर्वी रोल धुऊन आल्यावर कुठला फोटो कुठल्या गटाचा हे आठवत बसायचं.

पहिल्या दहा-बारा नोंदींनंतर मी त्यात एक रकाना वाढवून घेतला: किल्ली कुणाकडे. तो का, ते पुढं सांगतो.

चुका झाल्या, त्या बहुतेक माझ्या. पहिल्याच आठवड्यात मी जुन्या सवयीनं शेपफाइल (नकाशाची माहिती ठेवायचा जुना फाइल-प्रकार) केली. पुतणी नको म्हणाली होती. संध्याकाळी संगणकावर उघडलं तर "सतीशिळा" च्या जागी सात प्रश्नचिन्हं, "शिलालेख" च्या जागीही सात प्रश्नचिन्हं, आणि रकान्यांची नावं मध्येच तुटलेली. शेपफाइलला रकान्याच्या नावाची दहा अक्षरांची मर्यादा असते, शिवाय तिची आणि देवनागरीची सोयरीक नीट जमत नाही. एकवीस नोंदी पुन्हा भरल्या. तेव्हापासून जिओपॅकेज एके जिओपॅकेज. तिथं देवनागरी बिनतक्रार चालते.

दुसरी चूक जास्त मजेशीर. नदीच्या काठापासून १०० मीटरचा पट्टा आखायचा होता. आकडा टाकला, बटण दाबलं, आणि नकाशाभर एकच रंग पसरला. नकाशा अक्षांश-रेखांशात होता, त्यामुळे यंत्रानं १०० मीटरऐवजी १०० अंशांचा पट्टा दिला. आमच्या नदीचा पट्टा युरोपापर्यंत गेला. पुतणीला फोन केला तर म्हणाली, "काका, आधी यूटीएम ४३ उत्तरमध्ये आणा, मग मीटर मागा." (यूटीएम म्हणजे अंशांऐवजी मीटरमध्ये मोजणारी नकाशाची पद्धत.) कोल्हापूर-सांगलीकडच्यांनी हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवावं.

क्यूजीआयएसची सर्वांत गोड सोय म्हणजे जुना नकाशा स्कॅन करून खऱ्या जागेवर बसवता येतो. एका गावाचा जुना गाव नकाशा मिळाला, तेहेतीस फुटी साखळीच्या काळातला. तीन गावांच्या शिवा मिळतात तिथले दगड, जुन्या विहिरी, देवळाचा कोपरा असे सात बिंदू धरले आणि तो कागद आजच्या उपग्रहचित्रावर पसरला. जुन्या नकाशातली नदी आणि आजची नदी एका जागी नाहीत. एका बाजूला मळई वाढली, दुसऱ्या बाजूला काठ खचत आला. त्या खचत्या बाजूला जुन्या नकाशात दाखवलेला एक चौथरा आज काठापासून साडेचार मीटरवर आहे. त्याला पाण्याच्या उंचीपेक्षा पायाखालची माती जायची भीती जास्त. हे आम्ही रोज पाहत होतो, पण दोन नकाशे एकावर एक ठेवेपर्यंत ध्यानात आलं नव्हतं.

जागेच्या अचूकपणाबद्दल: उघड्यावर तीन ते पाच मीटर. ॲपमध्ये काही वेळ थांबून अनेक वाचनांची सरासरी घेता येते, त्यानं ठिपका थोडा स्थिरावतो. वडाखाली उभं राहिलं की बारा मीटरही दाखवतं, आणि आमचे निम्मे वीरगळ वडा-पिंपळाखालीच आहेत. त्यावर जुना उपाय केला. दोन पक्क्या भिंतींच्या कोपऱ्यांपासून टेप लावून अंतरं घेतली आणि तीही फॉर्ममध्ये लिहिली. एवढ्यावर दगड पुन्हा त्याच जागी उभा करता येतो. जमिनीच्या वादात हे चालणार नाही, हे मात्र कान धरून सांगतो. फोनवरचा ठिपका घेऊन बांधावर भांडायला कुणी जाऊ नका.

इथवर दहापैकी नऊ गुण. पण आमचं मूळ काम उंचीचं होतं. पूर म्हणजे उंचीचा हिशेब, आणि उंचीला मी दोन गुण देतो.

पहिल्या दिवशी पाराजवळ फोननं उंची दाखवली ४६८ मीटर. सर्व्हे ऑफ इंडियाच्या ४७ एल/१० या टोपोशीटवर हा सगळा भाग ५४० मीटरच्या आसपास. गाव सत्तर मीटर खाली गेलं म्हणायचं! यात ॲपचा दोष नाही. उपग्रहावरून मिळणारी उंची पृथ्वीच्या एका गुळगुळीत गणिती आकारावरून मोजलेली असते, आपण म्हणतो ती समुद्रसपाटीवरून, आणि आपल्या भागात या दोहोंत सत्तरच्या आसपास मीटरांचा फरक पडतो. ॲपच्या सेटिंगमध्ये दुरुस्तीची फाइल जोडली की हा घोटाळा जातो. पण त्यानंतरही फोनची उंची पाच-दहा मीटर इकडंतिकडं नाचत राहते. जिथं अर्ध्या फुटावर पोथ्यांची पेटी भिजणार की वाचणार हे ठरतं, तिथं असली उंची घेऊन काय करायचं?

मग पुतणीनं उपग्रहानं केलेले उंचीचे तयार नकाशे जोडले. फुकट मिळतात, इस्रोच्या भुवन पोर्टलवर कार्टोसॅटवरून केलेला आहे, युरोपचा कोपर्निकसचा आहे, २००० सालच्या अंतराळयानाच्या फेरीतून केलेला एसआरटीएम आहे. डोंगराळ भागात छान चालतात. आमच्याकडे एक चौकोन तीस मीटरचा, म्हणजे देऊळ, पार, शेजारची दोन घरं आणि उकिरडा मिळून एकच उंची. त्यात झाडांचे, घरांचे आणि उभ्या उसाचेही शेंडे मिसळलेले. शिरोळ तालुका म्हणजे सगळा ऊस. त्या नकाशावर मी पाण्याची पातळी वाढवत नेली तर उसाचे फड बेटांसारखे कोरडे आणि आमचं गावठाण बुडालेलं दिसलं. खरं चित्र बरोबर उलट आहे. गावठाण उंचवट्यावर वसवलं आहे, आणि ते ज्यांनी वसवलं त्यांच्याकडे उपग्रह नव्हता.

रडार उपग्रहाचं चित्र मात्र उपयोगी पडलं. पुरात वर ढग असतात, साध्या उपग्रहाला पांढऱ्या कापसापलीकडे काही दिसत नाही. सेंटिनेल-१ या उपग्रहाचं रडार ढगांच्या आरपार पाहतं आणि संथ पाणी काळं दाखवतं. २०१९ च्या ऑगस्टमधलं चित्र उघडलं तेव्हा घरातले सगळे संगणकाभोवती जमले. कृष्णा-पंचगंगेचा आकारच ओळखू येईना. शिवारातलं पाणी कुठवर होतं ते त्यावरून कळतं. गल्ल्यांत, घराघरांच्या मध्ये, ते फसतं. भिंतींवरून परत आलेल्या लहरींमुळं पाणी असूनही उजळ दिसतं.

सरकारी पूररेषा आहेतच. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. बांधकामाच्या परवानगीसाठी ठीक. आमचे बहुतेक दगड दोन्हींच्या आतच आहेत, त्यामुळे "आत आहे" हे कळून फायदा नाही. कुठला आधी भिजतो, कुठला तीन दिवसांनी, ते पाहिजे.

शेवटी जुन्या मित्राकडून डंपी लेव्हल (दोन जागांच्या उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) आणली, दिवसाला ४०० रुपये भाड्यानं. पुलाच्या खांबावर पाटबंधारेवाल्यांची फुटांची पट्टी रंगवलेली असते, पावसाळ्यात त्याच पट्टीचा आकडा रोज सकाळी व्हॉट्सॲपवर फिरतो. ठरवलं, समुद्रसपाटी राहू दे बाजूला, ही पट्टीच आपला शून्य. तिथून लेव्हल घेत घेत गावात शिरलो. स्टाफ (आकड्यांची उभी मोजपट्टी) धरायला दोन कॉलेजची पोरं. बॅकसाइट म्हणजे मागचं वाचन, फोरसाइट म्हणजे पुढचं, मग पुढचा बिंदू. पुलापासून पारापर्यंत जाऊन परत आलो तेव्हा सुरुवातीच्या उंचीशी फरक अवघा ११ मिलिमीटर. त्या संध्याकाळी मी घरी येऊन मुद्दाम दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

तरी एक मेख राहिली. पुरात नदीचं पाणी परातीतल्यासारखं सपाट नसतं. त्याला उतार असतो, कृष्णेचा फुगवटा पंचगंगेत मागं सरकतो, गल्लीच्या तोंडाशी एक पातळी आणि शेवटाला दुसरी. म्हणून पट्टीवरचा आकडा आणि पाराजवळचं पाणी यांचं नातं प्रत्येक जागी वेगळं शोधावं लागतं. त्यासाठी जुन्या पुरांच्या खुणा हव्यात, आणि त्या कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नाहीत.

खुणा गोळा करणं हा या सगळ्या कामातला सर्वांत रंगतदार भाग. बस्तीजवळच्या एकाच ओसरीवर तिघांनी २०१९ चं पाणी तीन ठिकाणी दाखवलं. एकानं छातीशी हात लावला, दुसऱ्यानं गळ्याशी, आणि आजींनी तुळईकडं बोट केलं. "आज्जी, तुळईपातुर आलं आस्तं तर कौलं गेली आस्ती की," पोरगं म्हणालं. आजींनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. भिंतीला नवा रंग दिला होता, त्यामुळे पुरावा नाही. मग सुनबाई म्हणाल्या, "रंगाच्या टायमाला कपाट हलवलं न्हवतं." लोखंडी कपाट चौघांनी मिळून पुढं ओढलं. मागं जुना पिवळा चुना तसाच, आणि त्यावर गाळाची करडी रेघ, पट्टीनं ओढल्यासारखी. तिच्या बरोब्बर दोन फूट चार इंच खाली दुसरी, फिकट. ही २०२१ ची. छातीवाले जिंकले.

त्यानंतर आम्ही माणसांना विचारणं कमी केलं आणि कपाटं ओढायला लागलो. देव्हाऱ्यामागं, फोटोच्या तसबिरीखाली, बंद पडलेल्या मीटरच्या पेटीत. एका पिठाच्या गिरणीत मालकानं तेलरंगानं दोन्ही पुरांच्या रेघा तारखेसह काढून ठेवल्या होत्या. त्या माणसाला मी मनातल्या मनात सलाम केला. प्रत्येक खुणेचा ठिपका क्यूफील्डमध्ये, लेव्हल डंपीनं, फोटोत शेजारी टेप. दोन पुरांच्या दोन रेघा आणि त्या दोन दिवसांचे पट्टीचे आकडे मिळाले की मधला हिशेब त्रैराशिकाचा. आता पट्टीवर अमुक फूट झाले की अमुक गल्लीतल्या अमुक दगडाला पाणी टेकेल, असं सांगता येतं. अर्ध्या फुटाची चूक धरून चाला.

नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात हे सगळं शतकानुशतकं नकाशाशिवाय चाललं आहे. पाणी गाभाऱ्यात शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात, लोक त्या पाण्यात स्नानाला येतात. पाणी चढू लागलं की उत्सवमूर्ती वरच्या अंगाच्या नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. कोण नेणार, कुठून नेणार, सगळं ठरलेलं. आम्हाला हीच व्यवस्था बेवारस दगडांना आणि पेट्यांना लावायची होती. (वाडीला गेलात तर कवठाची बर्फी घ्या. परीक्षण दुसऱ्या वस्तूचं असलं तरी सांगायला हरकत नाही.)

खिद्रापूरचा कोपेश्वरही कृष्णेच्या काठालाच. अठ्ठेचाळीस खांबांचा स्वर्गमंडप, वरती आभाळाला उघडं असलेलं गोल छत, खाली देऊळ पाठीवर पेलणारी हत्तींची रांग, शके ११३६ मधला यादव राजा सिंघणाचा लेख. ते केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, आत तिपाई लावायची तर परवानगी लागते, म्हणून मी बाहेरच्या रस्त्यावरूनच लेव्हल घेतली. त्याला विचारणारं कुणीतरी आहे. गावातल्या उकिरड्याशेजारी पालथ्या पडलेल्या निषिधीला कुणी नाही. आमच्या १४३ पैकी ११० हून जास्त या दुसऱ्या जातीच्या.

बसाल्टचा वीरगळ आठ दिवस पाण्यात राहिला तरी त्याचं फारसं बिघडत नाही. त्याचा वैरी पूर ओसरल्यावर येतो: जेसीबीचा दात, नाहीतर हौसेनं दिलेला चकचकीत ऑइलपेंट. म्हणून दगडांची यादी आम्ही पुरानंतरच्या सफाईसाठी केली. मशीन गल्लीत शिरायच्या आधी चालकाच्या हातात गल्लीचा छापील नकाशा, त्यावर लाल ठिपके. लाकूड, कापड आणि कागद यांचं उलट. ते पाणी यायच्या आधीच उचलायला हवं. पालखी, नगारा, रथाची चाकं, पोथ्यांच्या पेट्या. त्यांची यादी पाण्याच्या फुटांप्रमाणं लावली, समोर कोण उचलणार आणि कुठं ठेवणार.

आणि किल्ली. मे महिन्यात एका रविवारी आम्ही रंगीत तालीम केली. पट्टीवर अमुक फूट झालेत असं समजायचं आणि बस्तीतली हस्तलिखितांची पेटी शाळेच्या वरच्या मजल्यावर न्यायची. पेटी चौघांनी वीस मिनिटांत शाळेपर्यंत आणली. वरच्या खोलीला कुलूप. किल्ली शिपायाकडे, आणि शिपाईमामा राहतात नदीपलीकडं. पूर आला असता तर आम्ही पेटी डोक्यावर घेऊन जिन्यात बसलो असतो. आता दुसरी किल्ली शेजारच्या घरी आहे, आणि ज्या नोंदीत तो रकाना रिकामा, तो ठिपका नकाशावर आपोआप लाल होतो. क्यूजीआयएसमध्ये ही सोय एका नियमानं लावता येते, पाच मिनिटांचं काम.

एक सावधगिरी. क्यूफील्डला स्वतःची क्लाउडही आहे, चार जण एकाच वेळी काम करत असतील तर सोयीची. आम्ही ती मुद्दाम वापरली नाही, आणि हा नकाशा कुठल्याही उघड्या संकेतस्थळावर टाकलेला नाही. बेवारस मूर्तीचा अक्षांश-रेखांश आणि चार बाजूंचे फोटो म्हणजे चोराला घरपोच आमंत्रण. फाइल तिघांकडे, छापील नकाशे ग्रामपंचायतीत, आणि त्यावर फक्त ठिपका आणि क्रमांक. छापील मात्र हवाच, लॅमिनेशन करून. तिसऱ्या दिवशी सगळ्यांचे फोन बंद पडलेले असतात.

खर्च विचारतात म्हणून: सॉफ्टवेअर शून्य, डंपी आणि स्टाफ नऊ दिवसांचे ३,६००, छपाई-लॅमिनेशन २,१००, पोरांच्या वडापावचा हिशेब ठेवला नाही. संगणक बरा लागतो, जुन्या लॅपटॉपवर उपग्रहचित्र हलवताना चहा होतो. शिकायला मला दीड महिना लागला. नकाशाची सवय नसलेल्याला तीन महिने धरा, आणि पहिला फॉर्म कुणा जाणत्याकडून बांधून घ्या. इंग्रजी शब्द भरपूर आहेत, पण आठवड्याभरात बटणांच्या जागाच पाठ होतात.

सध्या नकाशावर नऊ ठिपके लाल आहेत. पाचांच्या किल्ल्या मृगाच्या आत मिळतील असं दिसतंय. उरलेले चार एकाच वाड्यातले; भावकीचा वाद कोर्टात, कुलपं तीन, आणि माझी हद्द कायम मोजणी त्या घरात एकदा झालेली असल्यामुळे दोन्ही बाजू माझ्यावर नाराज. येत्या रविवारी पुतणीला पुढं करून जाणार आहे. स्टाफ धरायला कुणी येणार असेल तर सकाळी सातला पुलाजवळ, ऊन चढायच्या आत.